मेकॅनिकलवाला सेनापती

डॅन ब्राऊनचं ‘एंजल्स अँड डेमन्स’ न वाचलेला प्राणी आपल्या हॉस्टेलवर विरळाच. कादंबरी आली २००० साली, पण अजूनही प्रिपरेशन लीव्हमध्ये ती कुणाच्या ना कुणाच्या उशीखाली सापडतेच. फॉर्म्युला तोच. एक प्रयोगशाळा, एक धर्मपीठ, एक गुप्त संघटना आणि या तिघांच्या मधे सापडलेला एक हुशार माणूस. सर्नमधून काहीतरी भयंकर चोरीला जातं, व्हॅटिकनच्या पोटात लपवलं जातं आणि मग रात्रभर पळापळ! वाचून झालं की एकच प्रश्न पडतो. हे सगळं तिकडेच का घडतं? आपल्याकडे काय, फक्त सबमिशन आणि मेसची भेंडी?

मित्रांनो, तसं नाहीये. याच मालमसाल्याची एक कथा आपल्या माणसाच्या आयुष्यात घडून गेली आहे, आणि ती खरी आहे. तिच्यात लंडन आहे, पॅरिस आहे, रशियन क्रांतिकारक आहे, शपथा आहेत, फितुरी आहे, तुरुंगात झालेला खूनही आहे. आणि नायक? चक्क मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी! नाव पांडुरंग महादेव बापट. दादरची मुलं ज्या सेनापती बापट मार्गावरून स्टेशनकडे धावतात, पुण्याची मुलं ज्या एस. बी. रोडवर कॉफी प्यायला जातात, ते हेच बापट.

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात हे नाव मला भेटलं नाही. ते भेटलं मोखाड्यात, आपल्या एनएसएसच्या कॅम्पमध्ये, आणि तेही क्रांतीच्या नाही तर धरणाच्या गप्पांत. त्या गप्पा पुढे येतीलच. आधी माणूस.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. दुष्काळी मुलूख, घरची परिस्थिती साधीच. ते शाळकरी वयात असताना, १८९७ साली, पुण्यात प्लेगच्या निमित्ताने झालेल्या जुलमाचा सूड म्हणून चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. त्या काळातल्या पोरांवर या घटनेचा काय परिणाम झाला असेल याची आपण फक्त कल्पना करू शकतो. बापट पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकायला आले आणि तिथे चापेकरांच्या वर्तुळातल्या मित्राबरोबर त्यांनी शस्त्राच्या साक्षीने देशासाठी आयुष्य द्यायची शपथ घेतली. वय वीस-बावीस. म्हणजे आपल्याच वयाचे. आपण या वयात शपथा घेतो त्या पुढच्या सेमला पहिल्या दिवसापासून अभ्यास करण्याच्या!

बी.ए. झाल्यावर त्यांना मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ साली ते एडिंबरोला गेले. तिथल्या हेरियट-वॅट कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश. पारनेरचा मुलगा थेट स्कॉटलंडमध्ये, तोही शिष्यवृत्तीवर. डिग्री घेऊन परत आला असता तर त्या काळात सरकारी नोकरी, बंगला, मान सगळं पायाशी आलं असतं. पण १९०६ च्या सुमारास त्यांनी तिथल्याच एका सभेत इंग्रजांच्या राज्याने हिंदुस्थानची काय दशा केली आहे ते आकडेवारीनिशी मांडलं. परिणाम ठरलेला होता. शिष्यवृत्ती बंद. फी नाही म्हणजे कॉलेज नाही. आपल्याकडे एखादा विषय राहिला तर केटी लागते, इथे अख्खं करिअर राहिलं. ते कायमचंच.

बापट लंडनला आले. हायगेट भागात श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ साली ‘इंडिया हाउस’ सुरू केलं होतं. वरवर पाहिलं तर हिंदी विद्यार्थ्यांचं हॉस्टेल. आत मात्र काय काय शिजत होतं याचा वास स्कॉटलंड यार्डाला लागला होता आणि बाहेर हेर उभे असत. १९०६ च्या उन्हाळ्यात तिथे विनायक दामोदर सावरकर दाखल झाले, बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी.

इथे आपल्या कॅम्पचा भाग या गोष्टीत डोकावतो. सावरकरांचे सासरे भाऊराव चिपळूणकर हे जव्हार संस्थानात दिवाण होते. लग्न झालं १९०१ मध्ये, आणि जावयाच्या पुण्यातल्या कॉलेजच्या खर्चाचा भार सासऱ्यांनी उचलला. जव्हार म्हणजे मुकणे घराण्याचं, महादेव कोळी राजांचं छोटंसं संस्थान. आपण कॅम्पच्या शेवटच्या दिवशी जयविलास राजवाड्यासमोर ग्रुप फोटो काढला ना, तेच. जव्हारहून निघालं की मोखाडा, मग त्र्यंबक आणि मग नाशिक. त्या नाशकात १९०० च्या सुमारास ‘मित्रमेळा’ सुरू झाला होता. वरून गणेशोत्सवातले पोवाडे आणि मेळे, आतून क्रांतीची शपथ. १९०४ मध्ये त्याचंच ‘अभिनव भारत’ झालं. आपली बस ज्या घाटातून आली गेली, त्याच टापूतल्या नात्यागोत्यांतून आणि मैत्रीतून ही गुप्त संघटना वाढली आणि थेट लंडनपर्यंत पोचली. बापट तिथेच तिच्यात आले.

आता थ्रिलरचा खरा भाग. नुसत्या शपथा घेऊन साम्राज्य हलत नाही, तंत्र लागतं, हे सगळ्यांना कळत होतं. तेव्हा जगात बॉम्ब बनवण्यात सगळ्यात तरबेज होते रशियातले क्रांतिकारक, आणि झारच्या पोलिसांपासून पळालेले त्यांतले बरेच जण पॅरिसमध्ये होते. १९०७ मध्ये तीन जण त्यांच्या शोधात पॅरिसला जमले. एक बापट, आपले मेकॅनिकलवाले. दुसरे मिर्झा अब्बास. तिसरे बंगालचे हेमचंद्र दास, जे चित्रकार होते आणि स्वतःची मालमत्ता विकून युरोपात आले होते. मराठी ब्राह्मण, मुसलमान आणि बंगाली असे तिघं, एका रशियन माणसासमोर, फ्रान्समध्ये. डॅन ब्राऊनला सुद्धा एवढं एकत्र आणायला दोन चॅप्टर लागले असते.

साफ्रान्स्की नावाच्या त्या रशियन क्रांतिकारकाकडून त्यांनी स्फोटकांची विद्या घेतली. त्याची एक रशियन पुस्तिका होती. ती इंग्रजीत आणली गेली आणि इंडिया हाउसमध्ये तिच्या सायक्लोस्टाइल प्रती निघाल्या. सायक्लोस्टाइल म्हणजे आपल्या झेरॉक्सचे आजोबा. हस्तलिखित नोट्सची झेरॉक्स काढून आपण परीक्षेच्या आदल्या रात्री वाटतो, तशाच या नोट्स गुपचूप हिंदुस्थानात वाटल्या गेल्या. पुढे कलकत्त्याच्या एका बागेत या पुस्तिकेची एक प्रत पोलिसांना मिळाली. नाशिकला १९०९ साली सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांच्या घराची झडती झाली, तिथे दुसरी मिळाली. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालात नोंद आहे की नाशिकची प्रत जास्त परिपूर्ण होती आणि तिच्यात ४५ आकृत्या होत्या. पंचेचाळीस! इंजिनिअरिंग ड्रॉइंगची एक शीट तीनदा खोडून काढणाऱ्यांना या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको.

१९०८ मध्ये बापट ही विद्या घेऊन मायदेशी परतले. त्यांचं म्हणणं असं होतं की घाई करायची नाही. आधी देशभर माणसं जोडायची, तयारी पुरी करायची आणि मग एकाच वेळी उठायचं. म्हणजे डिझाइन पूर्ण झाल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. पण बंगालमधल्या तरुणांना तेवढा धीर नव्हता. कलकत्त्याच्या माणिकतळा भागातल्या त्या बागेत अरविंद घोषांचे धाकटे बंधू बारींद्र यांनी एक जगावेगळा आश्रम काढला होता. एकाच छपराखाली गीता आणि उपनिषदं शिकवली जात आणि स्फोटकंही शिकवली जात. विज्ञान आणि धर्म यांचं भांडण दाखवणाऱ्या कादंबऱ्या आपण वाचतो. इथे दोघं एकाच बाकावर बसले होते.

३० एप्रिल १९०८ च्या रात्री बिहारमधल्या मुझफ्फरपूरला खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी एका घोडागाडीवर बॉम्ब टाकला. तो बनवण्यात पॅरिसहून शिकून आलेल्या हेमचंद्रांचा हात होता. त्यांना मारायचा होता किंग्जफर्ड नावाचा न्यायाधीश. गाडीत तो नव्हताच. मेल्या दोन इंग्रज स्त्रिया, मायलेकी. चाकीने पकडले जाताना स्वतःला गोळी घालून घेतली. खुदिरामला ऑगस्टमध्ये फाशी झाली, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. म्हणजे आपला फर्स्ट इयरवाला. केसरीत या प्रकरणावर लिहिल्याबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेण्यात आलं.

मला या घटनेपाशी थांबावंसं वाटतं. बॉम्बची रसायनं बरोबर होती, फ्यूज बरोबर होता, स्फोट व्यवस्थित झाला. टेक्निकली सगळं करेक्ट. फक्त गाडी चुकीची होती. लॅबमध्ये रीडिंग चुकलं तर पुन्हा घेता येतं, या रीडिंगला दुसरी संधी नव्हती.

माणिकतळ्यावर धाड पडली. अरविंदांसकट अनेकांची धरपकड झाली. त्यातला नरेंद्र गोस्वामी माफीचा साक्षीदार झाला आणि त्याने बोललेल्या नावांत बापटांचं नाव होतं. त्या नरेंद्राला ऑगस्ट १९०८ मध्ये अलीपूरच्या तुरुंगातच दोघा सहकैद्यांनी आत आणवलेल्या पिस्तुलांनी गोळ्या घालून संपवलं. पण नाव तर फुटलं होतं. बापट गायब झाले.

जवळजवळ चार वर्षं ते भूमिगत राहिले. गावोगाव फिरले. आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध त्यांना याच काळात लागला, पॅरिसमध्ये नाही. ज्या देशासाठी आपण पुस्तिका आणली, शपथ घेतली, शिक्षण सोडलं, त्या देशातल्या बहुसंख्य माणसांना आपण परक्याच्या राज्यात राहतो याचाच पत्ता नाही, हे त्यांना दिसलं. खेड्यातल्या माणसाला सावकार माहीत होता, तलाठी माहीत होता, पाऊस आणि दुष्काळ माहीत होता. स्वातंत्र्य हा शब्द त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मग गुपित राखायचं ते कोणासाठी? पोलिसांपासून लपवता लपवता आपण ते आपल्याच लोकांपासून लपवून बसलो, असं काहीसं त्यांना वाटलं असणार. कारण तिथून पुढे त्यांचा रस्ता बदलला. आधी लोकांना शहाणं करायचं, उघडपणे.

१९१२ साली इंदूरला ते पोलिसांच्या हाती लागले, पुढे सुटले आणि पारनेरला घरी आले. आता हा पॅरिसला जाऊन आलेला क्रांतिकारक गावात काय करतो? पहाटे उठून हातात झाडू घेतो आणि गावचे रस्ते झाडतो! १९१४ मध्ये त्यांना मुलगा झाला, तेव्हा बारशाचं पहिलं जेवण त्यांनी गावातल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना वाढलं. आज वाचताना हे सोपं वाटतं. १९१४ सालच्या एका गावात, ब्राह्मणाच्या घरात, याचा अर्थ काय होता ते आपल्या आजीला विचारा.

नंतर पुण्यात त्यांनी टिळकांच्या ‘मराठा’ पत्रात काम केलं, ‘लोकसंग्रह’मध्ये लिहिलं, डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामालाही हातभार लावला. ज्ञानकोश म्हणजे सगळ्या जगाचं ज्ञान मराठीत, कुणीही उघडून वाचावं असं. चोरून वाटलेल्या पुस्तिकेपासून ज्ञानकोशापर्यंतचा हा प्रवास मला फार बोलका वाटतो. १९२० मध्ये मुंबईच्या सफाई कामगारांसाठी त्यांनी झाडू-कामगार मित्रमंडळ काढलं आणि त्यांचा संप लढवला. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी वारल्या. अंदमानातल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी दारोदार फिरून त्यांनी सह्या गोळा केल्या.

आणि मग आलं मुळशी. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना इथे मिळाली, बॉम्बमुळे नाही.

पुण्याच्या पश्चिमेला मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर टाटांच्या कंपनीने धरण बांधायला घेतलं. इंजिनिअर म्हणून बघितलं तर योजना सुंदर आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचं, डोंगरातून बोगदा काढायचा आणि पाइपातून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं. एवढा हेड मिळाल्यावर टर्बाइन काय फिरेल! वीज जाणार मुंबईला, गिरण्यांना आणि रेल्वेला. कोळसा वाचणार, धूर कमी होणार. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात हा प्रश्न आला तर आपण खुशीत सोडवू. फक्त त्या प्रश्नात एक गोष्ट दिलेली नसते, ती म्हणजे पाणी अडल्यावर मागे काय बुडतं. मुळशीत ५२ गावं आणि त्यांची आंबेमोहोर भाताची खाचरं पाण्यात जाणार होती. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीसाठी वापरला. मावळ्यांना कोणी विचारलं नाही.

१६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. माणसं धरणाच्या कामावर जाऊन बसली, बायकाही बसल्या. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव असे लोक पुढे होते आणि बापट त्यात जीव ओतून उतरले. धरणाविरुद्धचं इतकं जुनं संघटित आंदोलन जगातही क्वचितच सापडतं. मार, दंड, तुरुंग सगळं झालं. पण लढाई आतून पोखरली गेली. ज्यांच्या नावावर जमिनी होत्या त्यातले बरेचसे सावकार पुण्यात राहणारे. त्यांना भरपाईचे पैसे मिळाले की त्यांचा प्रश्न सुटला. कसणाऱ्याचा सुटला नाही. हळूहळू सत्याग्रह विझला.

शेवटी १९२४ मध्ये बापटांनी धरणाच्या कामाकडे जाणारी आगगाडी रुळावर दगड रचून अडवली. हे सत्याग्रहाच्या व्याख्येत बसतं का, यावर तेव्हाही वाद झाला आणि आजही होऊ शकतो. मुझफ्फरपूरनंतर पुन्हा हत्याराच्या वाटेला जाणं मला पटत नाही, हे मी मोकळेपणाने सांगते. पण एक फरक दिसतो. या वेळी काळोख नव्हता, भूमिगत होणं नव्हतं. जे केलं ते स्वतःच्या नावाने केलं आणि त्याची शिक्षा भोगली, सात वर्षं. सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगातून ते बाहेर आले १९३१ मध्ये. तोवर धरण केव्हाच पुरं झालं होतं. मुंबईत दिवे लागले होते.

आता मोखाडा. आपल्या युनिटला कॅम्पमध्ये एका पाड्यावरच्या विहिरीचा आणि उताराचा सर्व्हे करायचं काम होतं. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पारनेरच्या माणसाला हा आकडा स्वप्नातला वाटेल. पण खाली बेसॉल्टचा कातळ, वर उतार. पाणी मुरत नाही, धावत सुटतं. मार्च उजाडला की विहिरी तळ गाठतात, बायका दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन डोंगर चढतात, अनेक पाड्यांवर टँकरची वाट बघितली जाते. दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर गेलेला असतो. आणि याच डोंगरांच्या कुशीत वैतरणा नदीवर धरणांची रांग आहे. मोडक सागर १९५७ पासून मुंबईला पाणी देतो. त्याला नाव आहे नानासाहेब मोडक यांचं, म्हणजे आपल्यासारख्याच एका इंजिनिअरचं. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण उभं राहिलं, १०२ मीटर उंच, रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीटचं. २०१४ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. त्यातून मुंबईला रोज ४५ कोटी लिटर पाणी जातं. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरच्या नळाला हेच पाणी येतं. माझ्याही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाड्यावर डम्पी लेव्हल लावली, स्टाफ धरला आणि रीडिंग घ्यायला लागलो. एक म्हातारी आजी बराच वेळ बाजूला उभी राहून बघत होती. शेवटी तिने जवळ येऊन विचारलं की आणखी एक धरण येतंय का, आम्ही कुठे जायचं? आम्ही चार भावी इंजिनिअर एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिच्या अनुभवात तीन पायांवरचं ते यंत्र आणि गाव उठणं या दोन गोष्टी एकत्रच येत होत्या. आम्ही तिला दुर्बिणीतून बघायला लावलं, विहिरीचं मोजमाप चाललंय हे सांगितलं. तिला कितपत पटलं कोण जाणे. त्या रात्री शेकोटीपाशी सरांनी मुळशीची गोष्ट काढली आणि सेनापती बापटांचं नाव मी पहिल्यांदा नीट ऐकलं. परत आल्यावर लायब्ररीत मिळेल ते वाचलं.

धरणं बांधूच नयेत असं मी म्हणत नाही. मुंबईला पाणी लागतं, आणि ते पिऊन वर असं म्हणणं शोभायचंही नाही. पण ‘एंजल्स अँड डेमन्स’मधलं गुपित उघडायला कोडी सोडवावी लागतात, पुतळ्यांची बोटं कुठे वळली आहेत ते बघावं लागतं. मोखाड्याचं गुपित असं काही नाहीच. धरण दिसतं, पाइपलाइन दिसते, रिकामा हंडाही दिसतो. सगळं उघड्यावर आहे. फक्त ज्याच्या हातात आकडे आहेत आणि ज्याच्या डोक्यावर हंडा आहे, ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. बापटांना भूमिगत असताना जे दिसलं ते हेच होतं, असं मला वाटतं. ज्यांच्यासाठी काम चाललंय त्यांनाच त्याचा पत्ता नसेल तर विद्या कितीही खरी असो, ती भलत्याच गाडीवर जाऊन पडते. म्हणून कॅम्पच्या शेवटी आम्ही आमचा सर्व्हे इंग्रजीत फाइल करून नुसता सरांकडे दिला नाही. पाड्याचा नकाशा, विहिरीची खोली, पाणी कुठे अडवता येईल त्या तीन जागा, हे सगळं मोठ्या कार्डशीटवर मराठीत लिहून शाळेच्या भिंतीवर लावलं. मराठी शुद्धलेखनाच्या चुका तिथल्या सहावीतल्या मुलीने काढून दिल्या.

बापटांचं पुढचं आयुष्यही असंच उघड्यावर गेलं. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. एवढ्यावर कोणीही निवृत्त झालं असतं. पण मे १९५५ मध्ये गोवामुक्तीच्या सत्याग्रहाची पहिली मोठी तुकडी नानासाहेब गोरे आणि बापटांच्या नेतृत्वाखाली पोर्तुगीज हद्दीत शिरली, तेव्हा बापट चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. हातात शस्त्र नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते होतेच. माणिकतळ्याच्या खटल्यातून सुटलेले अरविंद घोष पुढे पाँडिचेरीला जाऊन योगी झाले. त्यांच्या तत्त्वज्ञानावरचा मोठा ग्रंथ बापटांनी ‘दिव्यजीवन’ या नावाने मराठीत आणला. एकेकाळी रशियन बॉम्बविद्येची पुस्तिका घेऊन आलेल्या माणसाने म्हातारपणी अध्यात्माचा ग्रंथ भाषांतरित करावा, यात मला विरोध दिसत नाही. दोन्ही वेळा तो दुसरीकडचं ज्ञान आपल्या माणसांसाठी आणत होता. पहिल्या वेळी ते मूठभरांसाठी होतं, दुसऱ्या वेळी ज्याला वाचता येतं त्या प्रत्येकासाठी.

२८ नोव्हेंबर १९६७ ला त्यांचं निधन झालं. १९७७ मध्ये त्यांचं पोस्टाचं तिकीट निघालं. हेरियट-वॅटची डिग्री त्यांना कधीच मिळाली नाही. जव्हारच्या वाटेवर, मोखाड्याच्या घाटात, धरणाची भिंत लांबून दिसते तिथे पुढच्या वर्षीच्या कॅम्पची बस जरूर थांबवा. नुसता सेल्फी काढू नका. खाली उतरून रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, पाणी कुठून आणतेस आणि किती वेळ लागतो. उत्तर वहीत लिहून घ्या, मराठीत.